हौसेचा गळ

आपल्या धर्मग्रामात मासे पकडणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक आपले कोळी बांधव. त्यांचे पोट मासळीवर आहे. दुसरे आम्ही: नोकरीधंदा करणारे, रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की पिशवीत गळ, दोरा आणि आमिष घेऊन खाडीवरच्या पुलाखाली, बंधाऱ्यावर नाहीतर एखाद्या बावखलाच्या काठी जाऊन बसणारे. आमच्यात कोणी बँकेत आहे, कोणी रेल्वेत, दोघे निवृत्त झालेत, एकाची फुलांची वाडी आहे. मासा मिळाला तर संध्याकाळी कालवण, नाही मिळाला तर नुसत्या गप्पा. इतकी साधी ही हौस. तिच्याविषयी या पत्रकात कधी लिहावे लागेल असे आम्हांला वाटले नव्हते.

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री आम्ही वलगणीला गेलो. आपल्याकडे हे सांगायला नको. कोरड्या शेतांतून पाणी वाहू लागले की खाडीतले आणि ओढ्यातले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात, उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी. रस्त्याखालच्या मोरीपाशी आम्ही उभे राहिलो आणि तासाभरात दोन बादल्या चिवणी भरली. घरी येताना नाक्यावर आपल्याच धर्मग्रामातली एक कोळीण मावशी सुकी मासळी गोळा करून घरी निघाली होती. तिने बादलीवरचे फडके बाजूला सारून पाहिले.

“सगळी गाबोळीची ना रे पोरांनो?”

“हो मावशी, एकदम भरलेली. घेऊन जा थोडी.”

“नको. आमची होडी एकतीस जुलैपर्यंत वाळूत उभी आहे. कशासाठी? मासळीला अंडी घालू दे म्हणून. आणि तुम्ही तिला वाटेतच गाठलीत.” मग थोडे थांबून म्हणाली, “भूक लागली होती का तुम्हांला?”

आमच्यापैकी कोणीच बोलले नाही. घरी ती मासळी शिजली, चवीलाही उत्तम लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मावशींचा प्रश्न पुढे कित्येक रविवार आमच्याबरोबर काठावर येऊन बसला. त्यावर आमच्यात जी चर्चा झाली, भांडणेही झाली, ती आपल्यापुढे ठेवत आहोत.

पहिल्यांदा आम्ही स्वतःचा बचाव केला, जसा कोणीही करील. एक म्हणाला, कायदा आपल्याला लागू नाही. ते खरे आहे. राज्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. काठावर गळ टाकून बसणाऱ्याला ती बंदी विचारत नाही. २०२३ साली शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, घोळ ७०० मिलिमीटरपेक्षा लहान नको, वगैरे. त्याचा धाकही होडीवाल्याला आणि व्यापाऱ्याला आहे. हौशी माणसाची पिशवी उघडून पाहायला कोणी येत नाही. पण हा बचाव बोलून दाखवताच तो किती लंगडा आहे ते कळले. ज्याचे पोट मासळीवर आहे त्याने दोन महिने उपाशी थांबायचे आणि ज्याचा पगार एक तारखेला बँकेत जमा होतो त्याने मात्र मौजेसाठी तीच मासळी पकडायची, याला कायदेशीर म्हणता येईल, न्याय्य म्हणता येणार नाही. पेत्रही मासे पकडायचा, असे एकाने हसत सांगितले. पण पेत्र हौशी नव्हता. तो मावशींच्या बाजूचा माणूस.

दुसरा बचाव जास्त वजनदार होता. आपण पकडून पकडून पकडणार किती? एवढी वस्ती वाढली, सांडपाणी खाडीत जाते, भातशेती भराव टाकून बुजवली, बावखले बुजवली. मासळी संपली ती त्याने. आमच्या दोन बादल्यांनी काय फरक पडतो?

यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो खरा असल्याचे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. जिथे पाणीच उरले नाही तिथे गळ टाकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. पण या युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग तपासून पाहावा. मासळीवर मोठे संकट आहे म्हणून आमचा छोटा भार चालेल, असे त्यात आम्ही म्हणत होतो. आजारी माणसाच्या बाबतीत आपण असे म्हणत नाही. तो आधीच अशक्त आहे, तेव्हा आणखी एक ओझे दिले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल का? उलट मासळी कमी झाल्यामुळेच आमच्या दोन बादल्यांचे वजन वाढले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात रोजच्या लहानसहान कृतींना जे महत्त्व दिले, ते वाचताना आम्हांला नेहमी पिशव्या आणि वीज आठवायची. गळ कधी आठवला नाही.

तिसरा बचाव आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकांचा. वलगण ही आपली परंपरा आहे, आमचे आजोबा जायचे, त्यांचे आजोबा जायचे, तेव्हा मासळी संपली नाही. यावर आम्ही बराच वेळ अडकलो, कारण काकांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांनीच वर्णन केलेली आजोबांची वलगण आठवून पाहा. चारी बाजूंना भातशेती, पाणी बांधांवरून हव्या त्या वाटेने पसरायचे, मासे शंभर वाटांनी चढायचे. आजोबा एका वाटेवर बसायचे, नव्व्याण्णव वाटा मोकळ्या राहायच्या. आज सगळे पाणी रस्त्याखालच्या एका मोरीतून जाते आणि त्या मोरीच्या तोंडाशी रात्रभर आठ-दहा जण पाग आणि जाळी घेऊन उभे असतात. कृती तीच आहे, पण तिचा अर्थ बदलला. आजोबांनी वाटा घेतला होता, आपण वाट अडवतो. काकांना हे पटले की नाही ते शेवटी सांगू.

आता मरळ माशाविषयी. हा भाग लिहिताना आम्हांला थोडी लाज वाटते, पण मुख्य मुद्दा इथेच आहे. बावखलात किंवा तळ्यात पावसाळ्यात कधी कधी पाण्याच्या वर तांबूस रंगाच्या बारीक पिल्लांचा थवा दिसतो, कोणी मूठभर केशर टाकल्यासारखा. ती मरळीची पिल्ले. मरळ आपल्या पिल्लांना सोडून जात नाही. आईबाप दोघे किंवा त्यांतला एक त्या थव्याच्या खाली दबा धरून असतो आणि जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर धावून जातो. गळवाल्याला हे चांगले माहीत असते. म्हणून तो बेडूक किंवा रबरी बेडूक लावलेला गळ नेमका त्या पिल्लांच्या मधोमध टाकतो. मरळीला त्या वेळी भूक नसते. आपल्या लेकरांवर संकट आले असे समजून ती झडप घालते आणि अडकते. ती काठावर आली की थोड्याच वेळात दुसरे मासे आणि बगळे त्या थव्याचा फडशा पाडतात. एका माशाच्या बदल्यात आपण शेकडो मारतो, आणि तेही आईच्या प्रेमालाच आमिष बनवून.

हे आम्ही केलेले आहे. एकदा नव्हे, अनेकदा. हुशारी म्हणून एकमेकांना शिकवलेलेही आहे.

जुन्या करारात ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. बरेच जण तो वाचून पुढे जातात. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि मादी पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्लांबरोबर आईला घेऊ नये, तिला जाऊ द्यावे. घेऊच नका असे तो नियम म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माणसाला अन्न लागते हे त्याला मान्य आहे. त्याने फक्त एक रेषा आखली आहे: जिच्यामुळे पुढच्या वर्षीही घरटे होणार आहे तिला हात लावू नका, आणि तिच्या मायेचा फायदा घेऊ नका. हा नियम देणाऱ्याला वसईची बावखले ठाऊक नसतील, पण मरळ त्याला नक्की समजली असती.

जिताड्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती आमच्यातल्या बहुतेकांना अलीकडेच कळली. जिताडा सुरुवातीला नर असतो. काही वर्षे वाढून मोठा झाला की तोच मादी बनतो. म्हणजे खाडीतला मोठा, फोटो काढण्याजोगा जिताडा ही बहुतेक वेळा लाखो अंडी घालणारी मादी असते, आणि तिची जागा भरून यायला कित्येक वर्षे लागतात. आजपर्यंत आमचा समज होता की लहान मासा सोडावा आणि मोठा घरी न्यावा. निदान जिताड्याच्या बाबतीत तरी मधला न्यावा आणि दोन्ही टोके सोडावीत, हे जास्त शहाणपणाचे. अर्थात दहा किलोचा जिताडा हातात असताना हे आठवणे सोपे नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी तशा एका जिताड्याचा फोटो चौकटीत लावलेला आहे. तो उतरवा असे आम्ही त्याला म्हटलेले नाही.

मग कोणी म्हणेल, सोपे आहे, पकडा आणि सगळेच सोडून द्या. परदेशांत हौशी लोक असेच करतात आणि आपल्याकडेही कावेरीसारख्या नद्यांवर महाशीर पकडून सोडण्याची रीत अनेक वर्षे होती. इथे आमच्यातल्या वाडीवाल्याने कडक विरोध केला. त्याचे म्हणणे असे: खाण्यासाठी मासा मारला तर त्यात निदान प्रामाणिकपणा आहे. पण फक्त मौजेसाठी त्याच्या तोंडात लोखंड अडकवायचे, दमेपर्यंत खेळवायचे, फोटो काढायचा आणि सोडताना स्वतःला दयाळू म्हणवून घ्यायचे, हे कुठले पुण्य?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २००३ साली स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत इजेची संवेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचल्यावर ते मासे बराच वेळ खायला येईनात. काही मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. मासा ते दुःख आपल्यासारखे ‘अनुभवतो’ का यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण जर्मनीच्या प्राणीसंरक्षण कायद्यात प्राण्याला वेदना देण्यासाठी सयुक्तिक कारण लागते, आणि केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडणे हे तिथे असे कारण मानले जात नाही. म्हणजे एका देशात जी संवर्धनाची रीत, ती दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते.

आम्ही बरीच चर्चा करून वाडीवाल्याच्या जवळ आलो, पण अगदी त्याच्या जागेवर नाही. दिवसभर वीस मासे पकडून वीस सोडण्याचा खेळ आम्ही करणार नाही. घरच्या एका वेळच्या कालवणापुरते मिळाले की गळ गुंडाळायचा आणि मग नुसते बसायचे. पण नको तो मासा लागणारच. कधी तो लहान असेल, कधी पोटुशी. तो सोडायचा असेल तर नीट सोडला पाहिजे, नाहीतर सोडणे हे नाटक होते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे कवच असते. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की तो निघतो आणि तिथून रोग शिरतो. म्हणून हात आधी पाण्यात भिजवायचे. कल्ल्यांत बोटे घालायची नाहीत. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता दोरा तोंडाजवळ कापून सोडायचे. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकला की तो सहज निघतो. असे केल्याने काही मासे निसटतात, हे खरे. उन्हाळ्यात, दुपारच्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडला तरी तगत नाही. म्हणून मे महिन्यात दुपारी गळ टाकणे आम्ही बंद केले. तसेही त्या उन्हात बसणे म्हणजे प्रायश्चित्तच होते.

सोडून देणे म्हणजे नेहमीच दया असेही नाही. आपल्या बावखलांत आता तिलापिया आहे, कुठे कुठे थाई मांगूरही सापडतो. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे, कारण तो स्थानिक मासळी खाऊन टाकतो. घर बदलताना काचेच्या टाकीतले शोभेचे मासे बावखलात सोडणारेही आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, जीव वाचावा एवढाच. असे परके मासे गळाला लागले तर ते परत पाण्यात टाकू नयेत.

चांगल्या हेतूची याहून मोठी गोष्ट कावेरीची आहे आणि तिचा एक धागा आपल्या राज्यात आहे. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची पैदास केली आणि त्याची लाखो पिल्ले दूरदूरच्या जलाशयांना व नद्यांना पुरवली. काम मोलाचे होते. पण निळसर परांचा हा महाशीर कावेरीतही सोडला गेला, आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा, कुबडाचा, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा महाशीर हळूहळू दिसेनासा झाला. हे कळले कसे? गॅलिबोर इथल्या छावणीत येणारे हौशी गळवाले कोणता मासा, केवढा, किती तासांत मिळाला हे वहीत लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१५ साली त्यातून हे चित्र पुढे आले: एक जात वाढत गेली, दुसरी संपत गेली. २०१८ साली त्या कुबडाच्या महाशीराची शास्त्रीय ओळख पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मासे सोडणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण पाण्याला हेतू कळत नाही. आणि चूक उघडकीला आली ती गळवाल्यांच्या साध्या वहीमुळे. तेव्हापासून आम्हीही एक वही ठेवली आहे. तारीख, जागा, भरती की ओहोटी, मासा, लांबी. अजून तिच्यात फारसे काही नाही, पण ‘पूर्वी इथे तांब मिळायची’ असे नुसते म्हणत राहण्यापेक्षा ते बरे.

आणखी एक गोष्ट फक्त काठावर बसणाऱ्यालाच दिसते. खारफुटीत रात्री येणारा डंपर. लहान जिताडा, बोय, कोळंबी यांचे बाळपण तिवरांच्या मुळांत जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यावर आणि तिथे भराव टाकण्यावर बंदी घातली, आणि २०१२ पासून राज्याच्या वनविभागात वेगळा कांदळवन कक्ष आहे. तरीही भराव पडतो, आणि तो पहिल्यांदा पाहतो गळवाला. एकदा आम्ही पाहिला. नंबर टिपायचा की नाही यावर तिथेच कुजबुज झाली. आमच्यातल्या एकाने स्पष्ट सांगितले की मला भीती वाटते, माझे घर त्याच रस्त्यावर आहे. त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. शेवटी दोघांनी नंबर लिहिला आणि सर्वांच्या सह्यांनी तक्रार दिली, म्हणजे एकट्यावर काही येऊ नये. तक्रारीचे पुढे काय झाले ते अजून कळलेले नाही. डंपर मात्र त्या जागी पुन्हा दिसलेला नाही.

खुद्द आमचा कचराही काही कमी नव्हता. तुटलेला नायलॉनचा दोरा तिवरांत वर्षानुवर्षे लटकत राहतो, कुजत नाही, आणि त्यात बगळे, खेकडे, कधी कासव अडकते. दोऱ्याला लावतो त्या शिशाच्या गोळ्या विषारी असतात. ब्रिटनमध्ये राजहंस त्या खड्यांबरोबर गिळून मरत होते, म्हणून १९८७ पासून तिथे गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली आणि त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली. आम्ही आता जुने नट वापरतो. मासळीला फरक कळत नाही.

वलगणीबद्दल आमचे ठरले आहे की जून आणि जुलै मोरीपाशी जायचे नाही, आणि त्या दोन महिन्यांत गळ घरीच राहील. मावशींच्या होडीइतकेच दिवस. हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “बघू.” काका मात्र अजून तयार नाहीत. पहिल्या पावसाची एक रात्र तरी मी जाणार, असे ते म्हणतात, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाशी आम्हांला भांडायचे नाही. त्यांनी एवढे कबूल केले आहे की मोरीच्या एकाच बाजूला उभे राहतील आणि दुसरी बाजू मोकळी सोडतील.

तुटलेला दोरा आणि जुने गळ टाकण्यासाठी देवळाच्या सायकल स्टँडपाशी एक झाकणाचा निळा डबा ठेवला आहे. गळ टाकताना टोके कागदात गुंडाळावीत, लहान मुले तिथे खेळतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर डबा रिकामा केला जाईल. वहीत आपली नोंद करायची असेल तर त्याच वेळी भेटावे.